पीठ मळताना येणारी चक्कर

"ताई, इथं झोपवून बघता तेव्हा सगळं बरंच निघतं. मला चक्कर येते ती भाकरीचं पीठ मळताना."

मी पेसमेकर तपासणीचं काम करते. या मावशींना संपूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विजेचा संकेत खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही. पेसमेकर काही महिन्यांपूर्वी बदललेला, पण हृदयात गेलेली वायर जुनीच, युनिपोलर. बॅटरी उत्तम, थ्रेशोल्ड (ठोका पाडायला लागणारी किमान वीज) उत्तम. पण मावशी डावखुऱ्या होत्या आणि पेसमेकरही डाव्या बाजूलाच.

१९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर हृदयाकडे न बघता ठरलेल्या वेगानं स्पंदनं देई. आजची यंत्रं आधी ऐकतात. हृदयाचा स्वतःचा ठोका दिसला की थांबतात. युनिपोलर वायर मात्र स्वतःच्या टोकापासून पेसमेकरच्या डब्यापर्यंतचं सगळं ऐकते, डब्याखालच्या छातीच्या स्नायूंची वीजसुद्धा.

डॉक्टरांना बोलावलं, ईसीजी चालू ठेवला आणि मावशींना म्हटलं, "माझ्या तळहातावर पीठ मळल्यासारखा जोर लावा."

पडद्यावर 'व्हीएस'च्या खुणांची रांग लागली. हृदयाचे ठोके ऐकू येताहेत, असं यंत्र सांगत होतं. खालच्या ईसीजीवर एकही ठोका नव्हता. मावशींचा चेहरा उतरला. "हात सोडा!" डॉक्टर ओरडले. पुढच्याच क्षणी पेसिंग परतलं. ते तीन-चार सेकंद मला फार लांब वाटले.

स्नायूंच्या विजेचा सतत गोंगाट आला तर बहुतेक पेसमेकर ऐकणं सोडून ठरावीक वेगानं चालू लागतात, पण मळताना जोर थांबून थांबून लागतो. तिथंच यंत्र फसत होतं.

पेसिंगचा वेग हळूहळू उतरवून आम्ही मावशींचा स्वतःचा ठोका मोजला. नऊ मिलिव्होल्ट. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती मिलिव्होल्टपासून पुढचं ऐकायचं तो आकडा, होती दोन. हा आकडा वाढवला की यंत्र कमी ऐकतं. तो भलताच वाढवला तर खरे ठोकेही निसटतात आणि स्पंदन नको त्या क्षणी पडू शकतं. म्हणून पाचवर ठेवला आणि पुन्हा जोर लावायला सांगितलं. या वेळी मावशी जीव खाऊन रेटत होत्या, तरी एकही ठोका चुकला नाही.

झोपून केलेल्या तपासणीच्या अहवालात यातलं काहीच दिसलं नसतं. आता चक्करेची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, तेव्हा हातात काय होतं? मावशींना तीन महिन्यांनी बोलावलंय. पुन्हा चक्कर आली, तर बायपोलर, म्हणजे डब्यापर्यंतचं न ऐकता फक्त स्वतःच्या टोकाजवळचं ऐकणारी वायर घालायची, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला सांगून ठेवलं आहे.