घोड्याच्या दाढा आणि आपले विज्ञानाचे सर

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकून मी जनावरांची डॉक्टर झाले. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा आधी आठवले ते विज्ञानाचे सर आणि अलिबागचा एक टांग्याचा घोडा.

टांगेवाले काका आमच्याच आळीत राहायचे. पाणी उतरू लागलं की ओली, घट्ट वाळू मोकळी होते. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याची वाट खुली व्हायला मात्र वेळ असतो. त्या मधल्या वेळात काका मला घोड्यावर बसू देत. टांग्याला जुंपताना त्याच्या डोळ्यांना झापडं असत, माझ्यासाठी ती काढलेली. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, त्यामुळे लाटेचा फेस, पतंग, उडती पिशवी, कशानेही तो बिथरे आणि मान वर फेके. लगाम ओढला की आणखी वर.

लगामाची लोखंडी कडी जिथे बसते तिथे घोड्याला दात नसतात. पुढे पटाशीचे दात, मागे दाढा, मध्ये नुसती हिरडी. मान नीट असताना कडीचा दाब जिभेवर आणि या हिरडीवर येतो. मान वर गेली की तो ओठांच्या कोपऱ्यांवर सरकतो आणि स्वाराचा ताबा सुटतो. घोड्याची पाठ खोलगट होते, पावलं आखूड पडतात. तेव्हा जोराने ओढत राहिलं तर तो दुखण्यापासून सुटायला डोकं आणखी उंच नेतो.

"बाय, खेचू नको," काका सांगत. "गोल फिरव त्याला. पाय लाव. मान जरा खाली आली की लगेच हात सैल कर." बाकीचे टांगेवाले जेरबंद, म्हणजे डोकं वर जाऊ नये म्हणून लावायचा पट्टा, बांधायला सांगत. काकांनी तो कधीच बांधला नाही. आज डॉक्टर म्हणून मला त्यांचंच बरोबर वाटतं. जेरबंदाने डोकं अडतं, दुखणं तसंच राहतं.

वर्गात दातांचा पाठ चालू होता, तेव्हा मी सरांना घोड्याचं हे मान फेकणं सांगितलं. सर म्हणाले, "अगं, मग तोंड उघडून बघितलंस का त्याचं?" शनिवारी शाळा सुटल्यावर ते स्वतः माझ्याबरोबर आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत उभे राहिले! काकांनी घोड्याची जीभ बाजूला धरली, आणि गालाच्या आतल्या जखमा दिसल्या. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड पुरती झिजत नाही, धारदार होते. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जाई.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानशीने दाढा घासून दिल्या. जखमा भरेपर्यंत काकांनी तोंडात कडी घातली नाही. घोडा गरीब झाला असं नाही, पतंगाला तो नंतरही बुजे. पण हात सैल केला की मान खाली सोडू लागला. सरांनी ते सगळं मला वहीत आकृतीसह लिहायला लावलं.

या महोत्सवानिमित्त शाळेच्या प्रयोगशाळेसाठी घोड्याची एक कवटी पाठवते आहे. सरांच्या जागी आज जे शिकवतात त्यांना विनंती, ती कपाटात बंद ठेवू नका. दाढांच्या बाहेरच्या कडेवरून मुलांना स्वतः बोट फिरवू द्या.