पोस्टग्रेसच्या डॉक्समधली एका अक्षराची चूक

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पेलिंग चुकलेलं दिसलं की मी आधी एकच गोष्ट शोधतो: हे वाक्य मुळात कुठल्या फाइलीत आहे? वेबसाइटवरचं पान थेट बदलता येत नाही. मजकूर डेटाबेसच्या सोर्स कोडबरोबरच, डॉक/एसआरसी/एसजीएमएल या फोल्डरमध्ये असतो. फायलींचं एक्स्टेन्शन जुनंच राहिलंय, पण आवृत्ती ११ पासून आत डॉकबुक एक्सएमएल (टॅग लावून मजकूर लिहायची पद्धत) आहे. गिटहबवर दिसते ती नुसती मिरर, म्हणजे प्रत, तिथे पुल रिक्वेस्ट (बदल घ्यायची विनंती) टाकून उपयोग नाही.

एकच शब्द चुकलेला असेल आणि हाताशी वेळ नसेल, तर प्रत्येक पानाच्या तळाशी चूक कळवायचा फॉर्म असतो. त्यासाठी साइटवर खातं लागतं. दोन-चार चुका असतील तर मी सरळ पॅच (बदलांची फाइल) करतो, कारण फॉर्ममधून आलेली चूक शेवटी दुसऱ्या कुणालातरी पॅच करून दुरुस्त करावी लागते.

सोर्समध्ये शब्द शोधायला गिट ग्रेप ही कमांड. पूर्ण वाक्य टाकलं तर बहुतेक वेळा काही सापडत नाही, कारण वाक्य मध्येच पुढच्या ओळीवर गेलेलं असतं किंवा त्यात टॅग आलेला असतो. म्हणून दोन-तीन शब्दच द्यायचे. सापडलेल्या ठिकाणी थांबायचं नाही. पीजी_डम्प आणि पीजी_डम्पऑल या बॅकअपच्या साधनांच्या पानांवर बऱ्याच ऑप्शनची वर्णनं जवळपास सारखी आहेत, म्हणजे चूकही दोन्हीकडे असू शकते.

फोल्डरमध्ये काहीच सापडलं नाही, तर तो भाग बिल्डच्या वेळी (सोर्समधून पानं बनवताना) दुसऱ्या फाइलीतून तयार केलेला असतो. एरर कोडचा तक्ता एररकोड्स.टीएक्सटी या फाइलीतून बनतो, एसक्यूएल मानकातल्या फीचरची यादी एसक्यूएल_फीचर्स.टीएक्सटीमधून आणि आवृत्ती १७ पासून वेट इव्हेंटचे तक्ते वेट_इव्हेंट_नेम्स.टीएक्सटीमधून. बनलेली फाइल दुरुस्त केली तर पुढच्या बिल्डला चूक परत हजर. याच्या उलटही होतं. रेफ फोल्डरमधल्या कमांडच्या पानावर वर जो सिनॉप्सिस (कमांड कशी लिहायची त्याचा आराखडा) असतो, त्यातूनच पीएसक्यूएल या कमांड-लाइन प्रोग्राममधली बॅकस्लॅश-एच ची मदत तयार होते. तिथला कंस हलवला तर तुम्ही प्रोग्रामचं आउटपुटच बदललंत.

स्पेलिंग तपासायला अ‍ॅस्पेल या प्रोग्रामपेक्षा कोडस्पेल बरं. अ‍ॅस्पेलला रेलनेम, अ‍ॅटनम असली कॅटलॉगमधली (डेटाबेसच्या अंतर्गत तक्त्यांमधली) नावं सगळी चूकच वाटतात आणि हजारो ओळींचा ढीग पडतो. कोडस्पेल फक्त नेहमीच्या चुकांच्या यादीशी ताडून पाहतं. तरी त्याच्या हाती आपोआप दुरुस्ती सोपवायची नाही. पीजी_टीआरजीएमच्या पानावर कॅटरपिलर हा शब्द उदाहरणात एका एलने लिहिलाय, तो मुद्दाम. चुकीच्या स्पेलिंगवरून जवळचा शब्द कसा सापडतो हेच तिथे दाखवायचं आहे. टेक्स्ट सर्चच्या प्रकरणात समानार्थी शब्दांच्या नमुना फाइलीत गूगल एका ओने लिहिलंय, तेही तसंच. शहाणपणा करून ही दोन्ही 'सुधारली' तर उदाहरणाचा अर्थच जातो.

एकच शब्द लागोपाठ दोनदा आलाय (बहुतेक वेळा 'द द') हे मात्र असे स्पेलचेकर नीट धरत नाहीत, विशेषतः पहिला 'द' ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असेल तर. त्यासाठी ओळी ओलांडणारा रेग्युलर एक्स्प्रेशनच (शोधायचा साचा) लिहावा लागतो.

व्याकरणाचं दुखणं वेगळं. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे 'अ' की 'अ‍ॅन' यावर आपला कान भरवशाचा नाही, हे मान्य करून टाकावं. एसक्यूएलच्या आधी डॉक्समध्ये 'अ‍ॅन' लागतो. २०२१ मध्ये उरलेसुरले 'अ' एकगठ्ठा बदलले गेले. स्पेलिंग अमेरिकन, त्यामुळे बिहेवियरमध्ये यू नाही. 'मे', 'कॅन' आणि 'माइट' यांचा फरक एरर मेसेजच्या स्टाइल गाइडमध्ये स्पष्ट दिलाय: 'मे' म्हणजे परवानगी, 'कॅन' म्हणजे क्षमता, 'माइट' म्हणजे शक्यता. 'अलाउज' नंतर थेट 'टू क्रिएट' आलं तर ते चूक. मध्ये 'यू' हवं किंवा पुढे 'क्रिएटिंग'. या चुका नुसत्या वाचूनच सापडतात.

चूक उद्धृत केलेल्या एरर मेसेजमध्ये असेल तर जपून. खरा मेसेज सी कोडमध्ये असतो. तो बदलला की रिग्रेशन टेस्टचं अपेक्षित आउटपुट बदलावं लागतं आणि भाषांतराच्या पीओ फायलींमधला दुवा तुटतो. सेक्शनच्या आयडीमध्ये स्पेलिंग चुकलं असेल तर मी हातच लावत नाही, कारण त्या आयडीवरच बाहेरच्या लिंक टेकलेल्या असतात.

बदल करताना परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवायचा मोह आवरायचा. एक अक्षर बदलून दहा ओळींचा डिफ (जुन्या-नव्यातला फरक) आला तर तपासणाऱ्याला नेमकं काय बदललं ते दिसत नाही. पाठवण्याआधी शब्दागणिक फरक दाखवणारा वर्ड-डिफ लावून मी स्वतः तेच बघतो.

मग बिल्ड. डेबियन किंवा उबुंटूवर डॉकबुक-एक्सएमएल, डॉकबुक-एक्सएसएल, लिबएक्सएमएल२-युटिल्स आणि एक्सएसएलटीप्रॉक ही पॅकेजं लागतात, शिवाय बायसन, फ्लेक्स आणि पर्ल. कॉन्फिगर ही बिल्डच्या तयारीची स्क्रिप्ट आयसीयू या युनिकोड लायब्ररीवर अडते, कारण आवृत्ती १६ पासून ती आपसूकच मागितली जाते. नुसती डॉक्स बनवायची तर विदाउट-आयसीयू, विदाउट-रीडलाइन, विदाउट-झेडलिब देऊन पुढे जायचं. डॉक्सच्या फोल्डरमध्ये मेक चेक चालवलं की उघडा राहिलेला टॅग कळतो आणि टॅब असेल तरी तक्रार येते. इथे इंडेंट स्पेसनेच. उदाहरणातल्या एसक्यूएलमध्ये 'पेक्षा लहान'चं चिन्ह तसंच टाइप केलं तर एक्सएमएल मोडतं, तिथे अँपरसँड-एलटी-सेमीकोलन लिहायचं.

पॅच गिट फॉरमॅट-पॅचने काढायचा आणि पीजीएसक्यूएल-डॉक्सच्या मेलिंग लिस्टवर अटॅचमेंट म्हणून पाठवायचा. मेलच्या मजकुरात चिकटवला तर मेल प्रोग्राम ओळी मोडतो आणि पॅच लागत नाही. सुधारून परत पाठवताना नावात व्ही२, व्ही३ घालायचं. निव्वळ टायपोसाठी कमिटफेस्टमध्ये (तपासायच्या पॅचच्या यादीत) नोंद करायची गरज नसते. मेलमध्ये एवढं मात्र लिहावं की चूक फक्त मास्टरमध्ये (पुढच्या आवृत्तीचं काम चालतं त्या शाखेत) आहे की जुन्या शाखांमध्येही. प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं सपोर्ट असल्यामुळे एका वेळी पाचेक शाखा चालू असतात, आणि त्या जुन्या शाखांमध्ये दुरुस्ती न्यायची की नाही हे कमिटर (मूळ कोडमध्ये बदल घालायचा अधिकार असलेला) ठरवतो. माहितीच चुकीची असेल तर बहुधा नेली जाते.

कमिट झाल्यावर लगेच वेबसाइटवर बघायला गेलात तर जुनंच दिसेल. डेव्हलपमेंट आवृत्तीच्या पानांवर बदल आधी येतो. जाहीर झालेल्या आवृत्तींची पानं मायनर रिलीजबरोबर (त्याच आवृत्तीच्या दुरुस्त्यांबरोबर) बदलतात, आणि ती नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येते.