मामाजींचा डिमेन्शिया: हळू काय जातं, अचानक काय बिघडतं

आमच्याकडे म्हातारं माणूस विसरायला लागलं की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटतो. मामाजींचं पहिलं दीड वर्ष तसंच गेलं. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं वयाचं असू शकतं. पण कापसाचे पैसे मोजता मोजता नोटा हातातच राहणं, रोजच्या धुऱ्यावर उभं राहून आपलं वावर कोणतं ते न कळणं, हे वयाचं नव्हे, हा डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू नेणारा आजार. 1972 च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी आठवायची आणि सकाळचा चहा आठवायचा नाही, म्हणून घरात ‘नाटक करतात’ असंही बोलणं झालं. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात नवी आठवण बसवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, बहुधा आधी झिजतो. जुन्या आठवणी तोवर दुसरीकडे पक्क्या झालेल्या असतात.

तपासणीला जाताना चष्मा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ‘केव्हापासून काय बदललं’ याचा एक कागद न्या. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाची बुद्धी मंदावते, म्हणून पाकिटं लागतात. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, किडनी, थायरॉइड आणि बी-12 बघतात. सीटी स्कॅन काढतात, कारण जुन्या पडण्यातून डोक्यात रक्त साकळलेलं असलं तरी माणूस असंच वागतो आणि त्यावर इलाज असतो. आठवण आणि समज तपासण्याची नेहमीची 30 गुणांची चाचणी लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी आहे. मामाजी अंगठेबहाद्दर. अशांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात तयार झालेली हिंदी चाचणी आहे. तिच्यात वाक्य वाचून डोळे मिटायचे नसतात, समोरचा करतो तसं करायचं असतं. डॉक्टरांना आधीच सांगा, ‘शाळा झालेली नाही.’ नाहीतर न शिकल्याचे गुणही आजाराच्या नावावर कापले जातात.

या आजाराची गोळी डोनेपेझिलची, 5 मिलिग्रॅम रात्री, सोसली तर चार ते सहा आठवड्यांनी 10. सुरू करण्याआधी ईसीजी काढून घ्या, कारण नाडी मंद होऊ शकते. काहींना हगवण लागते, भूक मरते. भयानक स्वप्नं पडायला लागली तर डॉक्टरांना विचारून सकाळी देतात. आजार थांबत नाही, काही जणांचा काही काळ बरा जातो, एवढंच.

कागदपत्रं मात्र याच काळात उरका. कुलमुखत्यारपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 नुसार, देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपतं.

मधला टप्पा सगळ्यात लांब आणि घराला सगळ्यात जड. दिवस कलला की मामाजी कवाडाशी उभे, ‘मले घरी जायचं हाये.’ ‘हेच तर घर’ म्हटलं की भांडण. ‘ढोरं येऊ द्या, मंग जाऊ,’ म्हणायचं, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या, तेवढ्यात ते विसरतात. अंधार पडायच्या आधीच लाइट लावला तर सावल्यांना बिचकणं कमी होतं. जेवून उठल्यावर ‘मले कोणं जेवाले देल्लं नाई’ आलं की हातात केळं द्यायचं, ताट दाखवून हिशेब करायचा नाही. कडी कवाडाच्या अगदी खाली बसवली, तिथं त्यांची नजर जात नाही. बंडीच्या आतल्या खिशावर फोन नंबर शिवला. विहिरीवर जाळी टाकली. फवारणीच्या बाटल्या कुलपात ठेवल्या. हे शेवटचं आमच्या भागात कोणी सांगत नाही, पण वास आणि चव ओळखण्याची अक्कल गेलेल्या माणसाच्या हाती घरात पहिली तीच बाटली लागते.

आता मुद्द्याचं. हा आजार महिन्या-महिन्यांनी वाढतो, रात्रीतून नाही. मे महिन्यात मामाजी एका रात्रीत बदलले. गोधडीचे धागे उपटत बसले, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, दिवसा हाक मारली तरी डोळा उघडेना. शेजारी म्हणाले बाहेरचं आहे. एका दवाखान्यात ‘आजार वाढला’ म्हणून शांत करायचं इंजेक्शन दिलं, मग दोन दिवस नुसते पडून. खरं कारण दुसरीकडे निघालं: लघवीत जंतू, पाच दिवस संडास नाही, उन्हाळ्यात पोटात पाणी नाही. अशी अचानक शुद्ध बिघडण्याला डिलिरियम म्हणतात. लघवीचं औषध, एनिमा आणि तासा-तासाला थोडं पाणी, यावर उतरायला तीन आठवडे लागले, आणि थोडं गेलं ते गेलंच. म्हणून अचानक बिघडलं की आधी हे विचारा: ताप आहे का, लघवी-संडास कधी झाली, पाणी किती पोटात गेलं, पडले होते का, नवी गोळी कोणती. तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळलं तर तो लकव्याचा झटका, तिथं मिनिटं मोजायची. लकव्यातून येणारा डिमेन्शिया तसाही पायरी-पायरीनं वाढतो. आणि ती शांत करायची इंजेक्शनं-गोळ्या डिमेन्शियात झटक्याचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियाच्या प्रकारात तर माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो. इंजेक्शन देण्याआधी ‘हे डिमेन्शियाचे पेशंट आहेत’ हे मोठ्यानं सांगायचं.

हल्ली गिळण्याचं अवघड झालंय. पातळ पाणी श्वासनळीत उतरतं आणि ठसका लागतो, म्हणून डॉक्टरांना दाखवून वरण घट्ट, भात मऊ कालवलेला. पाठ सरळ, हनुवटी जराशी खाली, अर्धा चमचा. पहिला घास उतरल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय दुसरा नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. एका जेवणाला पाऊण तास जातो.