तुम्ही विचारलंत म्हणून: काठीला माहीत आहे का?

रविवारी आमच्या विज्ञानवर्गात डोकावून गेलेले शिक्षक हमखास विचारतात, "काही गोष्टी तुम्ही सरळ सांगून टाकता, काही वेळा मुलांना तासन्‌तास चाचपडू देता. हे ठरवता कसं?"

आमच्याकडे हजेरी नसते. कंटाळलेलं मूल शाळेत खिडकीबाहेर बघतं, इथे चपला घालून घरी जातं. हे मी पुण्यात एका 14 मेला शिकले. त्या दिवशी 12 वाजून 31 मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीच पडत नाही. मी फळ्यावर पृथ्वीचा साडेतेवीस अंशांचा कल समजावत बसले. गच्चीवर पोचेपर्यंत सावलीला पुन्हा पाय फुटले होते. निम्मी मुलं जिन्यातूनच पसार.

पुढच्या वर्षी एप्रिलपासून दर रविवारी मीटरभर काठी उभी केली. सांगितलं एवढंच: सगळ्यात आखूड सावली शोधा, खडूने खूण करा, वेळ लिहा. सुरुवातीला ती वीतभर, उत्तरेकडे. मग आखडत गेली. मेच्या शेवटच्या रविवारी एक मुलगी किंचाळली, "ताई, सावली पलीकडे गेली!" खरंच, दक्षिणेला. मी आधीच सांगितलं असतं तर ती मान डोलावून मोकळी झाली असती. (मागे उभ्या पालकांना गप्प ठेवणं मात्र महाकठीण.)

"सगळ्यात आखूड सावली बरोबर बाराला का नाही मग?" याचं उत्तर मी लगेच दिलं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं, पुणं त्याच्या साडेआठ अंशांहून जरा जास्त पश्चिमेला, दर अंशाला चार मिनिटं उशीर. प्रमाणवेळ माणसांनी ठरवलेली. काठीला ती ठाऊक असायचं कारण नाही. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हेही दटावूनच सांगते. तिथे प्रयोग नाहीत.

एकाने वही पुढे केली. "एप्रिलच्या सुरुवातीला 12:37, मेच्या मध्यावर 12:31. पुणं सरकलं का?" उत्तर जिभेवर होतं. पण वर्षभर खुणा केल्या तर हे काठीच दाखवते, म्हणून गिळलं. जूनमध्ये पाऊस आला, खडू धुऊन गेला. आता त्याने घरून ऑइलपेंटचा अर्धा डबा आणून ठेवलाय. सोसायटीची परवानगी अजून मिळायची आहे.