दोन कुलाब्यांचा घोळ: गॅझेट-नकाशाची प्रगती, हप्ता तिसरा

दिवाळीपर्यंत दीपगृहांचा लेयर पुरा करतो, असं मागच्या वेळी छातीठोकपणे लिहून बसलो होतो. पुरा झाला नाही. उलट बसवलेल्या नोंदींपैकी एकवीस उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. दोष कुणाचा म्हणाल तर माझाच, पण थोडा कुलाबा या नावाचाही.

नव्यानं आलेल्यांसाठी दोन ओळी. इंग्रजी अमलातल्या मुंबई सरकारच्या गॅझेटात, म्हणजे राजपत्रात, कोकणाबद्दल ज्या सूचना निघत, त्यांतल्या दोन प्रकारच्या मी गोळा करतोय आणि क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर बसवतोय. एक हद्दीच्या: अमुक गावं अमुक तालुक्यातून काढून तमुक तालुक्यात घातली. दुसऱ्या दर्यावरच्या: नवा दिवा लागला, जुना बंद झाला, बोया हलवला, खडकावर निशाण उभं केलं. दोन्हींच्या माथ्यावर बहुतेक वेळा ‘बॉम्बे कासल’ आणि तारीख. सरकार किल्ला सोडून १८७४ मध्ये बांधून झालेल्या सेक्रेटरिएटात गेलं, तरी कागदावरचा कासल सुटला नाही. पहिल्या महिन्यात मी ‘ठिकाण’ या रकान्यात इमानेइतबारे ‘बॉम्बे कासल’ भरत होतो. हसा.

हा नाद लागला तो घरातल्या एका खरेदीखतामुळे. आमचं मूळ घर पनवेलचं. पणजोबांच्या वडिलांनी घेतलेल्या वाडीच्या कागदावर ‘जिल्हे ठाणें, तालुके पनवेल’ आणि त्याच वाडीच्या पुढच्या पिढीच्या वाटणीपत्रावर ‘जिल्हे कुलाबा’. लहानपणी वाटायचं, दोन वेगळ्या वाड्या असतील आणि एक कुणीतरी लाटली असेल. काकांनीही वर्षानुवर्षं तोच समज जपला होता. खरी गोष्ट एवढीच की कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा पनवेल ठाण्यातच राहिलं आणि १८८३ मध्ये कुलाब्यात आलं. कर्जत तर १८९१ मध्ये आलं. माथेरान १८५० मध्ये ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरानं ‘शोधलं’ म्हणतात, त्यात ठाण्याचा कलेक्टर तिथं कसा, हे कोडं यामुळे सुटतं. तो आपल्याच जिल्ह्यात फिरत होता.

याचा एक व्यवहारी उपयोग सांगून ठेवतो. जुन्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेचा, ठाण्याचा ग्रंथ १८८२ चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. पनवेल किंवा कर्जतची माहिती कुलाब्याच्या ग्रंथात शोधाल तर हाती काही लागणार नाही. ती ठाण्यात आहे. मी त्यात दोन रविवार घालवले.

आता त्या एकवीस नोंदी.

कुलाबे दोन. एक मुंबईच्या दक्षिण टोकाचा. दुसरा अलिबागसमोरचा पाण्यातला किल्ला. आंग्र्यांचं राज्य १८४० मध्ये खालसा झालं आणि पुढे त्या मुलखाच्या जिल्ह्याला किल्ल्याचंच नाव मिळालं. मराठीत आपण दोन्हींना कुलाबाच म्हणतो. इंग्रजी कागदांत मागाहून मुंबईचा ‘सी’ने आणि जिल्ह्याचा ‘के’ने लिहायची रीत पडली, पण सुरुवातीच्या वर्षांत दोन्ही ‘सी’नेच. मी काय केलं, तर स्कॅनवरून काढलेल्या मजकुरात ‘कुलाबा’ शोधलं आणि जे जे मिळालं ते ते जिल्ह्याच्या पोत्यात भरलं. मुंबईच्या कुलाब्याच्या जुन्या दीपगृहाच्या सूचना सगळ्या अलिबागच्या किनाऱ्यावर जाऊन बसल्या. नकाशा बघून मला तीन आठवडे आनंद होत होता की अलिबागला किती दिवे होते!

शंका आली ती १८७५ च्या नोंदीवरून. त्या वर्षी प्राँग्जचं दीपगृह झालं, थॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरच्या हातचं. कुलाब्याच्या टोकापासून खडकाची रांग दक्षिण-पश्चिमेला पाण्याखाली पुढे जाते. जुना दिवा होता जमिनीवर आणि घात करणारा खडक होता त्याच्या पुढे. म्हणून नवा मनोरा थेट त्या खडकावर बांधला आणि जुना दिवा मालवला. माझ्या नकाशात मात्र नवा दिवा मुंबईला लागत होता आणि त्याच्यामुळे मालवणारा जुना दिवा अलिबागला. मधे एवढा दर्या. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

याच नावाची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत होकायंत्राच्या सुईची मोजमापं १८४१ पासून होत होती. शहरात विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या, त्या विजेनं सुई बहकणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये हलवली. कुठे? अलिबागला. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात गेली. माझ्यासारख्या यादी करणाऱ्याचा असा सूड क्वचितच कुणी घेतला असेल.

आता दुरुस्ती. ‘जिल्हा’ हा एकच रकाना ठेवला होता, तो मोडला. आता सूचना काढणारं खातं वेगळं, छापलेलं स्पेलिंग जसंच्या तसं वेगळं, जागा अक्षांश-रेखांशात वेगळी, तेव्हाचा जिल्हा आणि आजचा जिल्हा वेगळे. जिल्हा आता नावावरून भरायचा नाही, जागेवरून काढायचा. त्यासाठी हद्दीचा लेयर वर्षवार लागतो. म्हणजे दोन प्रकारच्या सूचना मी केवळ हौसेनं एकत्र केल्या होत्या, त्यांचं एकमेकांवाचून चालत नाही, हे आता उमगलं.

खांदेरी बेट हे त्याचं उत्तम उदाहरण. दीपगृह १८६७ चं. तेव्हा कुलाबा स्वतंत्र जिल्हा झालेला नव्हता, दोन वर्षांनी झाला, आणि १ जानेवारी १९८१ पासून त्याचं नाव रायगड. बेट थळच्या समोर, अलिबागच्या अंगाला. पण दिवा कुणासाठी? मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांसाठी. आणि बेट मुंबईच्या पोर्ट ट्रस्टच्या ताब्यातलं. जमिनीच्या सूचना बघाल तर खांदेरी एका बाजूला, दर्याच्या बघाल तर दुसऱ्या. थळचा माझा मावसभाऊ दोन्हींना भीक घालत नाही. त्याच्या लेखी ती फक्त ‘बत्ती’, आणि बेटावर महत्त्वाचा कोण तर वेताळ. तिथला धातूसारखा वाजणारा दगड त्यानं मला वाजवून दाखवला, दीपगृहाकडे मान वळवली नाही.

खांदेरीनं मला दुसऱ्यांदा जे घोळवलं ते तांत्रिक आहे, पण जुने सर्व्हे नकाशे वापरणाऱ्या प्रत्येकाला कामाचं. जुन्या शीटचे चारही कोपरे त्यावर छापलेल्या अक्षांश-रेखांशांनी जुळवले, तर खांदेरीची बत्ती खरी जागा सोडून पूर्वेला सरकली, शेजारचं उंदेरी बेट ओलांडून थळच्या किनाऱ्याला टेकायला आली. अक्षांश बरोबर, रेखांश चूक. आधी वाटलं शीट वाकडं स्कॅन झालं. मग शेजारचं शीट घेतलं, तेही तेवढंच सरकलेलं. कारण असं की जुन्या भारतीय सर्वेक्षणाचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून मोजलेले, आणि त्या वेधशाळेचा रेखांश धरला होता ८०° १७′ २१″. तो पुढे २′ २७″ नं जास्त असल्याचं ठरलं. मद्रासला झालेली चूक सगळ्या देशाच्या नकाशांना लागली. आपल्या अक्षांशावर २′ २७″ म्हणजे साधारण ४.३ किलोमीटर. छापील रेखांशातून तेवढं वजा केलं की बत्ती मुकाट्यानं बेटावर जाते. ज्यांचे जुन्या नकाशांवरचे किल्ले, देवळं, गावठाणं सगळी एकाच मापानं पूर्वेला पळतायत, त्यांनी स्कॅनरवाल्याशी भांडण्याआधी हे करून बघा. मी भांडलो होतो. नंतर जाऊन चहा पाजला.

नाविक-सूचना वाचायची भाषाही हळूहळू अंगवळणी पडतेय. खोली फॅदममध्ये, म्हणजे सहा फूट. आपल्या कोळ्यांची वाव जवळपास तेवढीच. अंतर केबलमध्ये, म्हणजे सागरी मैलाचा दहावा भाग, साधारण १८५ मीटर. दिशा कधी अंशात, कधी होकायंत्राच्या बत्तीस घरांत. एक घर सव्वाअकरा अंशांचं. जुन्या दिशा चुंबकीय असतात, त्यामुळे सुईचा फरक धरावा लागतो. पण मुंबईच्या आसपास तो त्या काळात जेमतेम अंशाच्या आतबाहेर होता, त्यामुळे आपण नशीबवान. दहा सागरी मैलांवर एका अंशानं फार तर ३२० मीटरची चूक होते, माझ्या नकाशाला ती खपते.

न खपणारी चूक वेगळी आणि ती मी केली. काही दिव्यांना लाल काचेची फाक असते: जहाजाला दिवा लाल दिसला की समजायचं आपण खडकाच्या अंगाला आलो. ही फाक कुठून कुठपर्यंत, ते सूचनेत अंशांत दिलेलं असतं. पण ते अंश दिव्याकडून मोजलेले नसतात. जहाजावरून दिवा ज्या दिशेला दिसतो, ती दिशा छापलेली असते. मी दिव्यावर उभं राहून मोजले. बरोबर १८० अंशांचा फरक. माझी लाल फाक सगळी डोंगरात पडली. सह्याद्रीकडून येणाऱ्या गलबतांची मात्र चोख सोय झाली. आता सूत्रात १८० मिळवलेत.

दिवा किती दूरवरून दिसतो याचा पडताळा घ्यायला एक सोपं गणित वापरतो. दिव्याची भरतीच्या पाण्यावरची उंची फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.१७ नं गुणा. जहाजाच्या डेकवरच्या माणसाचा डोळा १५ फुटांवर धरून त्याचंही तसंच करा आणि दोन्ही मिळवा. दिवा १०० फुटांवर असेल तर ११.७ अधिक ४.५, म्हणजे सुमारे १६ सागरी मैल. सूचनेतला आकडा याच्या आसपास आला नाही, तर बहुधा स्कॅननं आकडा चुकीचा वाचलाय. अशा सहा चुका सापडल्या. उंचीतला ३ चा ८ झाला होता, असले प्रकार.

स्कॅनचाच विषय निघाला म्हणून. जुन्या गॅझेटियरात काना दाखवायला इंग्रजी ‘ए’वर तिरकी रेघ असते. मशीन त्या अक्षराला सरळ ‘डी’ वाचतं. त्यामुळे शोधताना ‘रत्नडगिरी’, ‘अलिबडग’, ‘खडंदेरी’ असं शोधावं लागतं. त्यात जुनी स्पेलिंगं वेगळीच: खांदेरी-उंदेरीचं ‘केनरी-हेनरी’, विजयदुर्गाचं ‘घेरिया’, बाणकोटचं ‘फोर्ट व्हिक्टोरिया’. माझी पर्यायी नावांची यादी आता दोनशेच्या पुढे गेली आहे. कुणाला हवी असेल तर देतो. पण आपली भर घालून परत करायची, ही अट.

हद्दीच्या लेयरबद्दल थोडक्यात. तालुक्यांची मोठी हलवाहलव बसली. रत्नागिरीत बाणकोटहून मुख्य ठाणं रत्नागिरीला गेलं ते १८२२ मध्ये, तिथून १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंतचं चित्र ढोबळ मानानं तयार आहे. जंजिरा आणि सावंतवाडी संस्थानं १९४८ पर्यंत वेगळ्या रंगात. गावपातळीवरचं काम मात्र कासवाच्या चालीनं चाललंय. खुर्द, बुद्रुक, तर्फ, पेटा यांत माणूस हरवतो. एक सूत्र सापडलं: बदलाची तारीख शोधताना आधी १ ऑगस्ट बघायचा. मुंबई इलाख्याचं महसुली वर्ष त्या दिवशी सुरू होई, आणि वर्षाच्या मध्येच गावं हलवून तलाठ्याच्या वह्या बिघडवण्यात कुणाला रस नसे.

सध्या टेबलावर आहे ते बाणकोट, आणि ते मला छळतंय. तिथं जमिनीच्या आणि दर्याच्या सूचना एकमेकींना भिडतात. सावित्रीच्या खाडीचा दक्षिण काठ इंग्रजांचा, रत्नागिरीतला. मुखाशी उत्तर काठ जंजिऱ्याच्या सिद्दीचा. खाडीत बंदर. आणि बंदराची हद्द ही तिसरीच भानगड. बंदरांच्या तेव्हाच्या कायद्यानं ती भरतीच्या रेषेपासून किनाऱ्यावर ५० यार्डांपर्यंत नेता येई. म्हणजे काठावरच्या त्या पट्टीवर बंदरखातंही आणि मामलेदारही. ५० यार्ड म्हणजे ४५.७२ मीटर, तेवढी पट्टी आखायला क्यूजीआयएसला एक मिनिट लागतं. पण आखायची कुठल्या रेषेपासून? माझ्याकडे भरतीची रेषा आहे ती उपग्रहचित्रावरून काढलेली, आजची. खाडी तेव्हापासून गाळानं कितीतरी भरली आहे. पट्टी आखून बघितली, तर ती जुन्या शीटवर छापलेल्या धक्क्याला नुसती शिवतसुद्धा नाही.

जुन्या शीटवरून काठ पुन्हा हातानं गिरवायला घेतलाय. रेखांशातून २′ २७″ वजा करून. दक्षिण काठ झाला, उत्तरेला हरिहरेश्वरच्या टोकापर्यंत पोचलोय.