वालपापडीचा दाणा दडदडीत राहतो तेव्हा : माझा अनुभव

वालपापडीच्या भाजीत फोडणी चुकत नाही, मसाला चुकत नाही. चुकतं ते एकाच जागी. साल शिजून लगदा होते आणि आतला दाणा दाताखाली टचकन लागतो. माझं हे इतक्या वेळा झालं की अजून राग येतो, कारण कृती विचारली की सगळीकडून एकच उत्तर मिळतं: सगळं एकत्र घाला, झाकण ठेवा, वाफ काढा. एका कढईत दोन वेगळ्या वस्तू शिजताहेत, सालीचा वेळ वेगळा आणि दाण्याचा वेगळा, हे कुणी सांगत नाही.

आधी शेंगा. थंडीत दादरला किंवा ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत चांगली पापडी मिळते. शेंग वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकत असेल तर ती शिळी. दाणे बाहेरून टपोरे दिसणारी आणि साल पिवळट पडलेली शेंग जून असते. ती टाकाऊ नाही, पण तिचा उपयोग वेगळा, तो पुढे येईलच. अर्धा किलो शेंगा चार माणसांना पुरतात. शेंगा अख्ख्या असतानाच धुवा. उघडल्यावर धुतल्या तर पाणी आत राहतं आणि फोडणीत घातल्यावर तेल तडतडून अंगावर उडतं.

दोन्ही कडांच्या शिरा काढायच्या. एकाच बाजूची काढून भागत नाही, दुसरी घासात दोऱ्यासारखी येते. मग प्रत्येक शेंग उघडून बघायची, प्रत्येक. बाहेरून बारीक भोकही दिसत नाही आणि आत अळी बसलेली असते. सुरीने सरसकट चिरणाऱ्यांना ती दिसणारच नाही.

उघडतानाच दोन वाटण्या करायच्या. कोवळ्या शेंगा हाताने मोडून एका ताटात. निबर शेंगांची साल टाकून फक्त दाणे दुसऱ्या वाटीत. या वाटणीत आळस केला की पुढचं सगळं बिघडतं. निबर साल कितीही शिजवली तरी चोथाच राहते, आणि जून दाण्याला कोवळ्या सालीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

आता मुख्य अडचण. दाणा न शिजण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आंबट लवकर घालणं. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन उकळत्या पाण्यात सुटत जातं, म्हणून भाजी मऊ होते. पाणी आंबट झालं की ते सुटणं मंदावतं. आमसूल, चिंच, टोमॅटो, सगळ्यांचा परिणाम तोच. फोडणीत टोमॅटो परतून त्यावर पापडी घालणाऱ्यांनी अर्धा तास गॅस जाळला तरी दाणा हट्ट सोडत नाही. गुळाचंही तसंच: त्यातली साखर आणि कॅल्शियम दोन्ही दाण्याला घट्ट ठेवतात. म्हणून आमसूल आणि गूळ दाणा शिजल्यावरच, त्याआधी अजिबात नाही. मिठाला मात्र उगाच दोष देतात. मिठाने दाणा कडक होत नाही. ते पाण्याबरोबरच घाला, म्हणजे आतपर्यंत मुरतं.

दुसरं कारण पाणी. मुंबईत नळाला येणारं तलावांचं पाणी हलकं, त्यात कडधान्यं नीट शिजतात. पण सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी आलं असेल तर ते बहुतेक वेळा जड असतं, आणि त्यातल्या कॅल्शियमने पेक्टिन आणखी घट्ट होतं. अशा दिवशी भाजीला आरओ फिल्टरचं पाणी वापरा, साध्या फिल्टरने कॅल्शियम जात नाही. आणि मध्येच गार पाणी ओतू नका. उकळी बसते, ती परत येईपर्यंत साल मात्र मऊ होतच राहते.

कुकर हा उपाय नाही. एका शिट्टीत दाणा शिजेल, पण सालीचं पिठलं होईल. खाण्याचा सोडाही नको. रंग हिरवागार राहतो खरा, पण साल बुळबुळीत होते, साबणासारखी चव येते आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

मला लागू पडलेली पद्धत अशी. जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत दोन मोठे चमचे तेल. अर्धा चमचा मोहरी तडतडली की गॅस बारीक करून अर्धा चमचा ओवा, पाव चमचा हिंग, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, अर्धा चमचा हळद. लगेच वाटीतले जून दाणे, एक वाटी उकळतं पाणी आणि एक चमचा मीठ. कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी. वाफ ताटलीला लागून परत भाजीत पडते आणि ताटलीतलं पाणी तापत राहतं. भाजीला पाणी कमी वाटलं तर तेच ओतायचं. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. दाणा चिमटीत धरून दाबा: तो चेपला पाहिजे, पण मधे थोडी कणी लागली पाहिजे. या टप्प्याला मोडलेल्या शेंगा, एक चमचा लाल तिखट, दीड चमचा गोडा मसाला. गोडा मसाला तेलात परतू नका. तो आधीच भाजलेला असतो, करपून कडवट होतो. आणखी आठ-दहा मिनिटं. पुन्हा चिमटीत बघा. आता कणी अजिबात नको. वालाच्या कच्च्या दाण्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, जून दाण्यात जास्त, तेव्हा अर्धकच्ची भाजी चालवून घेऊ नये.

मगच तीन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ, पाच मिनिटं. आमसूल असल्यामुळे लोखंडी कढई नको, भाजी काळी पडते आणि धातूची चव येते. शेवटी पाव वाटी ओलं खोबरं, कोथिंबीर, गॅस बंद.

ओव्याच्या जागी जिरं घालून बघितलं, भाजी फिकी लागली. वाल वातुळ म्हणून ओवा, हे कारण आहेच, पण चवीलाही तोच शोभतो. रायगडकडच्या पोपटीत मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात अख्ख्या शेंगा भाजतात तेव्हाही ओवा आणि मीठच असतं. आंबटाचा थेंब नाही, आणि दाणा लोण्यासारखा होतो.

हीच युक्ती गवारीला लागते: चिंच-गूळ शेवटी. फरसबीला इतकं जपावं लागत नाही, तिचे दाणे बारीक असतात.

एक राहिलं. निवडलेली पापडी दुसऱ्या दिवशी करायची असेल तर शेंगा न मोडता फक्त शिरा काढून, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. मोडलेल्या शेंगांच्या कडा रात्रीत काळ्या पडतात. सोललेले दाणे मात्र डब्यात दोन दिवस सहज टिकतात.