पाला पडला ती रात्र

मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. आमच्या माळव्यात थंडीत पिकावर बसतं त्या हिमालाही पालाच म्हणतात. इंदूरला रामबागेत वाढल्यामुळे दोन्ही शब्द लहानपणापासून कानावर होते. पण एका पाल्याने दुसरा कसा जळतो ते मी पाहिलं जानेवारीतल्या एका पहाटे, सांवेरच्या बाजूच्या बागेत.

द्राक्षबागांना सल्ला देणं हे माझं काम. ही बाग काकांची, म्हणजे वडिलांच्या मित्राची. थॉमसन जातीच्या द्राक्षांच्या अठरा ओळी, छाटणी ऑक्टोबरमधली, मणी हरभऱ्याएवढे. युरोपात या दिवसांत वेली पानं झाडून झोपलेल्या असतात, त्यामुळे उणे दहाची थंडीही त्या सोसतात. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्याआधी वेली खाली वाकवून मातीने झाकतात. आपल्याकडे ऐन जानेवारीत वेलीवर हिरवी पानं आणि वाढते घड. पारा शून्याखाली उतरला की त्यांना आडोसा कसला?

दुपारी काकांचा फोन आला. "अगं, वारा पडलाय. आभाळात ढगाचा ठिपका नाही." अशा रात्रीच पाला पडतो.

मी पोचले आणि पोटात खड्डाच पडला. ओळींमध्ये सोयाबीनचा भुसा वीतभर जाड अंथरलेला होता. पाणी वाचावं म्हणून डिसेंबरमध्ये मीच तो अंथरायला सांगितला होता. जमीन दिवसा ऊन पिते आणि रात्री ती ऊब वर सोडते, त्यावर घड तगतात. भुशाने ही वाटच बंद केली होती. दिवसा ऊन खाली जात नव्हतं, रात्री ऊब वर येणार नव्हती.

अंधार पडेपर्यंत आम्ही सहा जणांनी भुसा ओढला. सात ओळी मोकळ्या झाल्या. त्यांत पाणी सोडलं, कारण ओली काळी जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. बाकीच्या ओळींना हात लावायला वेळ उरला नाही. शेजारचे म्हणाले, वरचे फवारे चालवा. मी नाही म्हटलं. फवारा सुरू केला की बर्फ वितळेपर्यंत थांबवता येत नाही. पाणी गोठताना उष्णता देतं, पण मध्येच वीज गेली तर ओल्या पानावरून उडणारं पाणी त्याच्या सातपट उष्णता ओढून नेतं. तिकडे रात्रीच्या विजेचा भरवसा कोण देणार? काकांनी बांधावर धूर केला. धुराने ऊब अडत नाही हे मला माहीत होतं, पण त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

पहाटे साडेपाचला घडांच्या उंचीवर टांगलेले थर्मामीटर बघितले. मोकळ्या ओळींत शून्याच्या वर अर्धा अंश, भुशाच्या ओळींत उणे एक. एवढाच फरक! बॅटरीच्या उजेडात भुशावर साखर भुरभुरल्यासारखं दिसत होतं. पान चिमटीत धरलं तर पापडासारखं कडक. तरीही रंग हिरवागार होता. माळीदादा म्हणाले, "दीदी, बच गया." मी काहीच बोलले नाही.

ऊन चढलं तशी पानं काळपट, पाणचट झाली, आणि दहा वाजेपर्यंत उकडलेल्या मेथीसारखी लोंबायला लागली. मण्यांवर तपकिरी छटा आली. अकरा ओळी. सात ओळींतल्या शेंड्यांची थोडी पानं सोडली तर बाकी सगळं शाबूत होतं.

"काका, भुसा मी सांगितला होता," मी म्हटलं.

ते बराच वेळ जळक्या घडांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणखी कुणाला सांगितलायस?"

चार बागांना सांगितला होता. येणारी रात्रही तशीच निरभ्र होती. बांधावर उभ्या उभ्याच मी पहिला नंबर लावला.